धुराची रेघ

चंदनसार, विरार पूर्व
१८ नोव्हेंबर २०२४

बाय,

फोनवर माझं नाव उमटलं की तू तो उशीखाली सरकवतेस, असं कानावर आलंय. म्हणून कागद घेतला. कागद वाजत नाही.

मोतीबिंदू काढल्यापासून तुला बारीक अक्षर लागत नाही, तेव्हा हे रुचिताच वाचून दाखवणार. रुचिता, सूनबाई, सावकाश वाच. आपल्या पदरचं घालू नकोस आणि माझं गाळू नकोस. तुझ्या सासूला गाळलेलंही ऐकू येतं. कान आमच्या घराण्याचे आहेत.

मी बरा आहे. हेमांगी गेल्याला चार वर्षं होतील. सकाळी डबा मीच भरतो आणि दुपारी मीच उघडतो, त्यामुळे आत काय असेल याची उत्सुकता उरलेली नाही. वालीवचा गाळा चालू आहे. कंपन्यांनी टाकलेली यंत्रं आणायची, ऐकायची, उघडायची, नीट करून कॉलेजांना द्यायची, हे पस्तीस वर्षं चाललंय. पंपाची झडप चिकटली की आवाज किंचित जाड होतो. मोठमोठ्या पदव्यांची पोरं पडद्यावर आकडे बघत बसतात आणि हा दहावी नापास पाठमोरा उभा राहून सांगतो, डावीकडची झडप. तुझ्याच विहिरीच्या रहाटावर कान तयार झाले माझे.

लिहायचं कारण वेगळं. यंदा तू सुकेळी घालणार नाहीस असं कळलं. राजेळी केळ्यांचे घड तयार असताना तू लेकाला, मयूरला म्हणालीस, वसईच्या बाजारात कच्चेच देऊन टाक. पन्नास वर्षांत पहिल्यांदा तुझ्या अंगणात केळी भरायची कणगी लिंपली जाणार नाही.

मार्चच्या सभेचा राग आहे, समजतं मला. पण माझीही बाजू ऐक. भूपेशने वीस घरांची सुकेळी एका शिक्क्याखाली विकायला घेतली, 'फक्त उन्हात सुकवलेली'. मग तक्रार आली की कोणीतरी भट्टीवर सुकवलेली त्यात मिसळतंय. भूपेश मला म्हणाला, काका, तुमच्या यंत्राला धूर कळेल का? म्हटलं, कळेल. त्याने संशयावरून तीन घरांचे नमुने दिले आणि कळला. तुझ्या नमुन्यात कळला, आगाशीच्या मालनबाईंच्या आणि भुईगावच्या क्लेमेंटच्या आईच्याही. तिघींचा शिक्का गेला. सख्ख्या बहिणीचा नमुना निघाला म्हणून मी रेघ खोडायची होती का?

ते यंत्र काय करतं, हे तुला सांगायचं राहूनच गेलं. लग्नाहून परतणारी माणसं अरुंद आळीतून निघाली की गप्पिष्ट मागे राहतात आणि अबोल पुढे जातात, टोकाला एकेक जण वेगळा बाहेर पडतो. केळ्याचा अर्क मी तसाच एका बारीक, गच्च भरलेल्या नळीतून दाबाने पाठवतो. त्यातले फेनॉल नावाचे पदार्थ एकामागून एक बाहेर येतात. केळ्याच्या स्वतःच्या अंगातही फेनॉल भरपूर असतात, साल काळी पडते ती त्यांच्याचमुळे. धुरातला निराळा, त्याला ग्वायकॉल म्हणतात. नळीच्या तोंडाशी त्यांना जांभळं पाणी भेटतं. बाबा विहिरीत पावसाळ्यानंतर जांभळी पूड टाकायचे ना, तेच परमँगनेट, फक्त आम्लात कालवलेलं. दोघं भेटले की उजेड पडतो. इतका मंद की डोळ्याला दिसत नाही. त्यासाठी अंधारपेटीत एक काचेची नळी बसवली आहे, इस्पितळाच्या भंगारातल्या रक्त तपासायच्या यंत्रातून काढलेली. ती तो उजेड मोजते आणि कागदावर रेघ वर उठते. हे सगळं मी स्वतः जोडलंय. चिमूटभर मीठ आख्ख्या तळ्यात टाकलं तरी ओळखेल, एवढं तिखट आहे.

अशा यंत्राला मी खोटं कसं म्हणू?

घड विकू नकोस. सुकेळी घाल. यंदा उन्हातच घाल म्हणजे प्रश्न मिटला.

तुझा,
हरी

•

चंदनसार
४ डिसेंबर २०२४

बाय,

'उन्हातच घाल' ही ओळ ऐकून तू उठलीस आणि राहिलेलं पत्र ऐकायला परत आली नाहीस, असं कळलं. राहिलं होतं फक्त माझं नाव. त्यामुळे फार काही चुकलं नाही तुझं.

ती ओळ लिहायला नको होती. पाकीट पेटीत पडल्यावर कळलं. पेटीत हात जातो का बघितलं, मनगटापाशी अडकला. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, आजोबा, काय करताय.

आज गेल्या खेपेला न लिहिलेलं लिहितो. सभेला चाळीस माणसं होती. चहा फिरत होता. भूपेशने माझी ओळख करून दिली, आपल्याच मातीतला माणूस, शिक्षण नाही पण शास्त्रज्ञांना शिकवतो वगैरे. मी नवा शर्ट घातला होता. पुढे बसलेल्यांत तू होतीस. मी कागद वर धरला आणि तुला विचारलं, "पुतळाबाई, तुम्ही केळ्यांना धूर दिलात का?"

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. तुझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, तरी मला सासरी घेऊन आलीस. तेव्हापासून तुला बायशिवाय हाक मारलेली नाही. त्या दिवशी मारली. माझ्या मनात होतं, लोक म्हणतील बहीण म्हणून सांभाळून घेतो. म्हणून तुम्ही आणि पुतळाबाई.

तू लगेच बोलली नाहीस. मग म्हणालीस, "धूर? नाय. धूर मी देत नाय."

बाय, माझ्या कानाने दगा दिला तो तिथे. त्या थांबण्याचा मी अर्थ लावला. पंप असा मधेच थांबला की आत हवेचा बुडबुडा असतो, हे मला पक्कं माहीत आहे. मी धरून चाललो की तू खोटं बोलतेस. मान खाली घालून कागदाकडे बघितलं आणि म्हटलं, रेघ तर हो म्हणते. तू पदर सावरून उठलीस. तू का थांबलीस ते आता कळतंय असं वाटतं. केळ्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

आणखी एक. जॉयसने मला आधीच टोकलं होतं. जॉयस म्हणजे कॉलेजात रसायन शिकवते ती, रसायनाची बाजू तिची आणि यंत्राची माझी. ती म्हणाली होती, "काका, ग्वायकॉल आहे एवढंच ही रेघ सांगते. कुठून आलं ते सांगत नाही. आधी आपल्या डोळ्यांसमोर उन्हात सुकवलेली सुकेळी तपासू, मग बोलू." मी म्हटलं, सभा रविवारी आहे, तेवढा वेळ कुठे आहे.

आता वेळच वेळ आहे. राजेळीचे दोन घड आणलेत. स्वतः सुकेळी घालून बघतोय, इथे बिल्डिंगच्या गच्चीवर. कावळे खूश आहेत. सोसायटीने फलकावर नोटीस लावली, गच्चीत खाद्यपदार्थ वाळवू नयेत, नाव नाही पण खाली केळ्याचं चित्र कोणीतरी काढलंय. त्या निमित्ताने तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

अडचण एवढीच की केळी पिकत नाहीत. खोक्यात पेंढ्याने घट्ट झाकून ठेवली, कागदात गुंडाळली. काही मऊ पडली, काही दगडच. सुकवायची तेव्हा ना पिकलेली, ना कच्ची. तू कसं करायचीस? चौदा वर्षं तुझ्या घरी राहिलो आणि हे मला ठाऊक नाही.

तुझा,
हरी

•

वालीव
२१ डिसेंबर २०२४

बाय,

हे पत्र बसून ऐक. रुचिता, पाणी देऊन ठेव तिला.

परवा मला एक फोन आला. कोणाचा ते लिहीत नाही. रुचिता, ही ओळ वाचताना खोकू नकोस. त्या माणसाला कुठून तरी कळलं होतं की माझी केळी पिकत नाहीत. ते माणूस हसत म्हणालं, "मामा, ऊब दिल्याशिवाय राजेळी कशी पिकतील?"

म्हटलं, ऊब म्हणजे?

"कणगीतली ऊब. तुम्हाला माहीत नाही?"

शब्द माहीत होता. कणगी लिंपली की तू ओरडायचीस, पोरांनो लांब व्हा, ऊब जाईल. तुझ्या माहेरीही कणगीला बायकांशिवाय कोणी हात लावायचा नाही. बाबासुद्धा वळसा घालून जायचे. मला वाटायचं, पेंढ्यात घट्ट झाकली की केळी आपोआप उबतात, कोंबडी बसल्यासारखी.

मी विचारलं, ऊब देतात कशाने?

"मडक्यात पेंढा धुमसत ठेवायचा, कणगीच्या तळाशी. तीन दिवस. पेटू द्यायचा नाही. मग काढून सोलायची आणि मांडवावर उन्हात."

मग त्या माणसाला मी विचारलं, त्याला तुम्ही धूर देणं म्हणत नाही का? तर ते म्हणालं, "धूर देणं वेगळं. धूर देतात ते चोर. ऊन नसलं की भट्टीवर सुकवतात त्याला धूर देणं म्हणतात. ही ऊब."

पंप चालू होता, तो बंद केला. गाळ्यात एवढी शांतता झाली की पलीकडच्या गाळ्यातला रेडिओ ऐकू येऊ लागला.  

बाय, मी विचारलं धूर दिलास का, आणि तू खरं सांगितलंस. ऊब दिलीस का असं विचारलं असतं, तर म्हणाली असतीस, मग काय, कच्ची खायची? चाळीस माणसं हसली असती आणि सभा संपली असती. त्या चाळिसांतल्या बायकांना माहीत होतं. एकही बोलली नाही, कारण धूर कोणीच दिला नव्हता. आणि पुरुषांना माझ्याएवढंच माहीत होतं.

मला ऐकू यायला काय झालं होतं? तुझ्या अंगणात वास यायचा. मी समजायचो, चूल.

तरी आज तुला 'चुकलो' एवढंच लिहून पाठवणार नाही. तेवढ्याने तुझा शिक्का परत येत नाही. मी कागद दाखवून तुला खोटी ठरवली, कागद दाखवूनच खरी ठरवायला हवी. गाळ्यामागे टोपली लिंपली आहे, शेण-मातीने. मडकं आणलंय. पेंढा दोनदा पेटला. वॉचमन पाण्याची बादली घेऊन उभा असतो.

एक विचारू? पेंढा किती दाबायचा? तू सांगू नकोस हवं तर. ज्या माणसाचा फोन आला त्या माणसापुढे मोठ्याने बोल फक्त.

तुझा,
हरी

•

चंदनसार
१३ जानेवारी २०२५

बाय,

मूठभर सैल आणि वर ओंजळभर दाबून. निरोप पोचला. तिसऱ्या खेपेला केळी अशी पिकली की सोलताना साल आपणहून सुटली. हेमांगी असती तर म्हणाली असती, आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी शिजवलंत.

आता निकाल. जॉयस आणि मी चार नमुने लावले. एक, खोक्यात कशीबशी पिकवून उन्हात सुकवलेला. ग्वायकॉलची रेघ नाही, जमीन सपाट. दोन, ऊब देऊन उन्हात सुकवलेला. छोटी रेघ, शेतातल्या वारुळाएवढी. साल काढली तरी हाताला लागलेलं थोडं आत जातंच. तीन, मुद्दाम लाकडाच्या भट्टीवर सुकवलेला. त्याचा डोंगर उठला, आणि शेजारी सिरिंगॉलचा, म्हणजे लाकडाच्या धुरातल्या आणखी एका पदार्थाचा, दुसरा डोंगर. चार, मार्चमधला तुझा नमुना, जॉयसने कॉलेजच्या फ्रीजमध्ये जपून ठेवला होता.

तो शेवटी लावला. अठरा मिनिटं लागतात रेघ यायला. जॉयस वह्या तपासत होती, मी खिडकीपाशी उभा होतो. वारूळ आलं, दुसऱ्या नमुन्याएवढंच. दुसरा डोंगर नाही. मार्चमध्ये माझ्याकडे शेजारी ठेवायला डोंगरच नव्हता, म्हणून वारूळ मला डोंगर दिसलं. तिखट यंत्राचा हाच धोका आहे. नको तेवढंही ऐकतं.

भूपेशला दाखवलं. तो म्हणाला, "काका, लोक विसरलेत. मी गुपचूप शिक्का परत देतो, उगाच कशाला उकरायचं?" मी म्हटलं, सभेत घालवलाय, सभेतच द्यायचा.

काल सभा झाली. तुझी खुर्ची ठेवायला सांगितली होती. तू येणार नाहीस हे माहीत होतं, तरी दाराकडे कान होता. मी उभा राहिलो. म्हटलं, मार्चमध्ये मी बायला विचारलं धूर दिलास का. ती नाही म्हणाली. ते खरं होतं. मला विचारता आलं नाही. मग तुझा आणि भट्टीचा, दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले आणि ऊब म्हणजे काय ते सांगितलं. मागे बसलेली एक बाई म्हणाली, "हे सांगायला मशीन कशाला? आम्हाला विचारायचं." सगळे हसले. मीही हसलो, कारण दुसरं काय करणार.

शिक्का परत आला. लेखी आहे, सोबत जोडलंय. यापुढची तपासणी भूपेश मुंबईच्या मोठ्या प्रयोगशाळेत करणार आहे. बरोबर आहे त्याचं. मीही तेच केलं असतं.

सभा संपल्यावर खुर्च्या उचलायला थांबलो. तुझी शेवटी उचलली.

तुझा,
हरी

•

चंदनसार
९ फेब्रुवारी २०२५

बाय,

तुझ्या चार ओळी आल्या. रुचिताच्या अक्षरात आणि तुझ्या आवाजात. दहा वेळा वाचल्या, म्हणजे पाठच झाल्या. 'कागद पावला. माजं नाव धुतलंस ते बरं केलंस. त्या दोघींचं कोण धुणार? त्यांच्याकडे जाऊन ये, मग इकडे ये.'

खरं सांगतो, त्या दोघी माझ्या डोक्यातच नव्हत्या. इतके दिवस मी तुझ्यापुरताच शरमलो होतो. त्यांचे मार्चमधले नमुनेही जॉयसच्या फ्रीजमध्ये होते. लावले. दोघींचंही वारूळ, डोंगर नाही. भूपेशकडून दोघींची पत्रं घेतली.

आधी आगाशीला गेलो. मालनबाई मांडवावर केळी उलटत होत्या. कागद बघून म्हणाल्या, "तुमच्या शिक्क्यावाचून माझी सुकेळी खपली नाहीत असं वाटलं काय तुम्हाला? बसा. हात धुवा आणि त्या टोकापासून उलटायला घ्या." तासभर उलटत होतो. निघताना एक पुडा हातात दिला, वर म्हणाल्या, यात शोधा धूर. आगाशीहून पुढे जाताना मला वाटलं, संध्याकाळपर्यंत गिरीजला तुझ्याकडे पोचतो. भुईगाव वाटेतच आहे.

भुईगावला क्लेमेंटने दार उघडलं. मी म्हटलं, आई आहे का? त्याने मला आत बोलावलं. भिंतीवर फोटो होता, खाली दिवा. ऑगस्टमध्ये गेली. मला कोणी कळवलं नव्हतं, कोण कळवणार.

क्लेमेंटने कागद वाचला, दोनदा. मला वाटलं, आता रागावेल. मी तयारी करून उभा होतो, बाय. तुझ्या रागाने चांगली सवय लावली होती. तो म्हणाला, "आई तुमच्यावर कधी रागावली नाही, काका. ती म्हणायची, मशीन खोटं कशाला बोलेल? माझ्याच हातून काहीतरी चुकत असणार."

मग त्याने सांगितलं. एप्रिल आणि मे दोन्ही महिने ती सुकेळी घालत राहिली, विकायला नाही, शोधायला. कणगी तीन वेळा फोडून नव्याने लिंपली. मडकं बदललं. पेंढा विहिरीवर धुऊन, उन्हात वाळवून मग धुमसायला घ्यायची. प्रत्येक खेपेला एक सुकेळं क्लेमेंटच्या नाकाशी धरायची आणि विचारायची, बघ रे, येतो का वास? तो नाही म्हणायचा. तिचा विश्वास बसायचा नाही.

"तुम्हाला नमुने पाठवू म्हणत होती," तो म्हणाला. "मग म्हणाली, नको. परत हो आलं तर?"

  त्याने कागद घडी करून फोटोच्या चौकटीमागे खोचला आणि म्हणाला, पुढच्या रविवारी चर्चमध्ये तिच्या नावाची मिस्सा आहे, या. त्याच्या आवाजात कुठेही कुचकेपणा नव्हता. मी नीट ऐकलं.

भुईगावहून गिरीजची रिक्षा मिळते. मी रस्त्यावर उभा होतो, दोन थांबल्या. दोघांना नको म्हटलं आणि इकडे घरी येऊन हे लिहायला बसलो.

बाय, तू माझ्यावर चिडलीस, फोन उशीखाली घातलास, माझं पत्र अर्धं टाकून उठून गेलीस. तुला माहीत होतं तू काय केलंस आणि काय नाही. बरं झालं तू चिडलीस. तिने माझ्यावर विश्वास ठेवला.

तू सांगितलं होतंस, दोघींकडे जाऊन ये आणि मग इकडे ये. एकीकडे जाऊन आलो. दुसरीकडे जाऊन आलो असं मला म्हणता येत नाही. तरी येऊ का, ते तू सांग. नाही म्हणालीस तर आता मी तुझं नाही हे नाहीच समजेन.

हरी